वीज आल्यावर आधी कोण उठणार? लिनक्सवर सर्व्हिसेसचा क्रम लावण्याची पद्धत

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये दिवसभर ऊन तापतं आणि संध्याकाळी वळवाचं वारं सुटतं. वारं सुटलं की वीज जाते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीचे आणि टॉवेलचे बरेच कारखाने आहेत, त्यातल्या काही छोट्या कारखान्यांची कॉम्प्युटरची कामं मी बघतो. वीज गेली की माग थांबतात, ऑफिसातला यूपीएस थोडा वेळ तग धरतो आणि मग तोही मान टाकतो. वीज आली की माग पुन्हा सुरू होतात, सर्व्हरही आपोआप चालू होतो आणि थोड्या वेळात दिवाणजींचा फोन येतो, "सर, बिल निघंना झालंय बघा."

पूर्वी माझं उत्तर ठरलेलं असायचं, "एकदा बंद करून परत चालू करा." बहुतेक वेळा त्यानं काम व्हायचं, म्हणून कारण शोधायचं राहून जायचं. एका कारखान्यात मात्र हे अंगाशी आलं. तिथल्या सर्व्हरला दोन डिस्क होत्या. सिस्टम आणि डेटाबेस एका डिस्कवर, बिलांच्या पीडीएफ प्रती दुसऱ्या, जुन्या डिस्कवर. ही दुसरी डिस्क /डेटा या फोल्डरवर जोडलेली (म्हणजे माउंट केलेली) असायची. एका संध्याकाळी वीज गेली-आली, तेव्हा ती डिस्क वेळेत जागी झाली नाही. बिलिंगचा प्रोग्राम तिची वाट न बघता सुरू झाला. त्याला /डेटा हे रिकामं फोल्डर दिसलं, त्यानं तिथं स्वतःच नवं फोल्डर तयार केलं आणि दुसऱ्या दिवशी दिवसभर बिलं त्यातच टाकली. पुढच्या वेळी सर्व्हर चालू झाला तेव्हा डिस्क नीट आली, त्या फोल्डरच्या वर बसली आणि आदल्या दिवसाच्या सगळ्या प्रती तिच्याखाली झाकल्या गेल्या. दिवाणजी सकाळपासून बिलं शोधत होते. बिलं गेली नव्हती, फक्त दिसत नव्हती. ती कशी काढली ते पुढं सांगतो.

चूक माझी होती. "डिस्क नसेल तर बिलिंग सुरू होऊ नये" हे मी सिस्टमला कुठंच सांगितलं नव्हतं. त्यानंतर मी हा विषय पायाभूत गोष्टींपासून शिकलो. पॉलिटेक्निकमधून नुकती बाहेर पडलेली मुलं या कामात येतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

लिपीबद्दल आधी सांगतो. या लेखातल्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करा. "सिस्टमसीटीएल" म्हणजे सिस्टम या शब्दाला सी, टी, एल ही तीन अक्षरं जोडून. "सिस्टमडी" (सर्व्हर चालू होताना सर्व्हिसेस, म्हणजे पाठीमागे चालणारे प्रोग्राम, सुरू करणारी व्यवस्था) याच्या शेवटी नुसता डी. "ईटीसी" म्हणजे ई, टी, सी. युनिट फाईलमधल्या (सर्व्हिस कशी आणि कधी सुरू करायची ते सांगणारी फाईल) नावांत मात्र प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं असतं आणि शब्द एकमेकांना चिकटून येतात, उदाहरणार्थ "एक्झेकस्टार्टप्री"मध्ये तीन शब्द आहेत. सिस्टममध्ये बदल करणाऱ्या आज्ञेच्या आधी "सुडो" (अ‍ॅडमिनच्या अधिकारानं चालव, असं सांगणारा शब्द) लावायचं.

पायरी १: तुमच्याकडं कोणती व्यवस्था आहे ते बघा

सिस्टमसीटीएल --व्हर्जन

उत्तरात सिस्टमडी आणि आकडा आला, तर हा लेख तुमच्या कामाचा आहे. उबंटू १५.०४ आणि डेबियन ८ या २०१५ च्या आवृत्त्यांपासून ही व्यवस्था मूळचीच असते, फेडोरात ती २०११ पासून आहे. जुन्या पद्धतीत क्रम आकड्यांनी लागायचा. एस२०, एस८० अशा नावांच्या फाईली एका फोल्डरमध्ये असायच्या आणि लहान आकड्यापासून मोठ्याकडं एकामागून एक चालायच्या. समजायला ते सोपं होतं, पण एक सर्व्हिस अडली की मागची सगळी रांग अडायची.

सिस्टमडी असं करत नाही. ज्या दोन सर्व्हिसेसबद्दल तुम्ही काही सांगितलेलं नाही, त्या तो एकाच वेळी सुरू करतो. क्रम नसणं हीच त्याची मूळ स्थिती आहे. नवीन माणूस इथंच फसतो. "रोज तर डेटाबेस आधी येतो" असं तो म्हणतो. रोज येत असेल, पण तो नियमानं येत नाही, डिस्क वेगवान आहे म्हणून येतो.

पायरी २: काय बिघडलं ते नोंदीत वाचा

फाईलीत हात घालण्याआधी हे बघा:

सिस्टमसीटीएल --फेल्ड
जर्नलसीटीएल -बी -यू बिलिंग.सर्व्हिस
सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ क्रिटिकल-चेन बिलिंग.सर्व्हिस

पहिली आज्ञा पडलेल्या सर्व्हिसेस दाखवते. दुसरी या वेळच्या बूटमधल्या (म्हणजे सर्व्हर या वेळी चालू झाल्यापासूनच्या) त्या सर्व्हिसच्या नोंदी दाखवते. तिसरी सगळ्यात बोलकी आहे, कारण बिलिंगच्या आधी कोण कोण उभं राहिलं त्याची साखळीच समोर येते. "अ‍ॅट"च्या चिन्हापुढचा आकडा म्हणजे बूट सुरू झाल्यावर किती वेळानं ती सर्व्हिस चालू झाली, अधिकच्या चिन्हापुढचा म्हणजे तिला स्वतःला सुरू व्हायला किती वेळ लागला. ही साखळी प्रत्येक टप्प्यावर सगळ्यात उशिरा उठलेलंच नाव दाखवते, त्यामुळं डेटाबेसचं नाव दिसलं नाही, तर बिलिंग त्याच्यासाठी थांबतं का ते "सिस्टमसीटीएल लिस्ट-डिपेंडन्सीज --आफ्टर बिलिंग.सर्व्हिस" चालवून बघा.

आदल्या बूटच्या नोंदी हव्या असतील तर "-बी"नंतर "-१" लिहायचं. काहीच आलं नाही, तर /व्हार/लॉग/जर्नल हे फोल्डर आहे का बघा. नसेल तर तयार करा आणि सर्व्हर एकदा रीस्टार्ट करा. वीज गेल्यावरचे प्रकार जुन्या नोंदी असल्याशिवाय उलगडत नाहीत, म्हणून नव्या सर्व्हरवर हे काम मी पहिल्याच दिवशी उरकतो.

पायरी ३: कागदावर दोन प्रश्न वेगवेगळे लिहा

सगळ्या विषयाचं मूळ या पायरीत आहे, त्यामुळं इथं घाई करू नका.

प्रत्येक सर्व्हिससमोर दोन प्रश्न लिहायचे. कोणाच्या नंतर? आणि कोणाशिवाय चालणार नाही? हे दोन्ही प्रश्न एकच वाटतात, पण ते वेगळे आहेत.

कारखान्यातच बघा. चादरीला लेबल शिवायचं आणि मग घडी घालायची, हा क्रम आहे. पण एखाद्या दिवशी लेबलं छापून आली नाहीत आणि गिऱ्हाईक दारात उभं असेल, तर बिनलेबलाची चादरही घडी घालून जाते. सुताचं तसं नाही. सूतच आलं नाही तर माग चालवायचा प्रश्नच येत नाही. पहिली गोष्ट क्रमाची, दुसरी गरजेची.

सिस्टमडीत क्रमासाठी "आफ्टर" आणि "बिफोर" आहेत, गरजेसाठी "वॉन्ट्स" आणि "रिक्वायर्स". यातलं एक लिहिलं म्हणून दुसरं आपोआप लागू होत नाही. नुसतं "रिक्वायर्स=मारियाडीबी.सर्व्हिस" (मारियाडीबी हा आमचा डेटाबेस) लिहिलंत तर बिलिंगबरोबर डेटाबेसही सुरू केला जाईल, पण दोघं एकदमच सुटतील आणि बिलिंग पुढं पळेल. उलट, नुसतं "आफ्टर" लिहिलंत आणि त्या बूटमध्ये डेटाबेस सुरूच व्हायचा नसेल, तर "आफ्टर"चा काही परिणाम होत नाही. बिलिंग एकटंच सुरू होतं. म्हणून जवळजवळ नेहमी दोन्ही ओळी जोडीनं लिहाव्या लागतात.

आता "वॉन्ट्स" घ्यायचं की "रिक्वायर्स"? नाव ऐकून "रिक्वायर्स" जास्त सुरक्षित वाटतं. मीही आधी सगळीकडं तेच लिहायचो. पण त्याचे दोन परिणाम माहीत असायला हवेत. एक, तुम्ही डेटाबेस थांबवलात की बिलिंगही थांबतं, आणि डेटाबेस परत सुरू केलात तरी बिलिंग आपोआप परत येत नाही. डेटाबेसचं अपडेट करताना तो आधी थांबवून मग सुरू केला जातो, तेव्हा नेमकं हेच होतं. अपडेट यशस्वी झालेलं दिसतं आणि बिलिंग मात्र बंद पडलेलं असतं. दोन, "आफ्टर"सोबत "रिक्वायर्स" असताना डेटाबेस सुरू व्हायला अपयशी ठरला, तर बिलिंगला सुरू व्हायची संधीच मिळत नाही. मग त्याच्या फाईलीत "पडलास तर पुन्हा उठ" असं लिहिलेलं असलं तरी ते लागू होत नाही, कारण ते पडलेलंच नाही, सुरूच झालेलं नाही.

म्हणून डेटाबेससाठी मी "वॉन्ट्स" आणि "आफ्टर" ही जोडी लावतो आणि बिलिंगला स्वतःहून पुन्हा प्रयत्न करायला सांगतो. डिस्कच्या बाबतीत मात्र मी नेमकं उलट करतो. तिथं ढिलाई चालत नाही.

पायरी ४: डिस्कची अट लिहा

दुसरी डिस्क कुठं जोडायची हे /ईटीसी/एफएसटॅब या फाईलीत लिहिलेलं असतं. तिथं "नोफेल" हा पर्याय असतो किंवा नसतो, आणि त्यावर बरंच काही ठरतं.

"नोफेल" नसेल आणि डिस्क सापडली नाही, तर सिस्टम मूळ मांडणीप्रमाणं ९० सेकंद वाट बघते आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन थांबते. दिवाणजींसमोर काळा पडदा येतो आणि तुम्हाला गाडी काढून एमआयडीसी गाठावी लागते. "नोफेल" असेल तर सिस्टम उभी राहते, पण मग बाकीच्या सर्व्हिसेस त्या डिस्कची वाट बघत नाहीत. माझ्या गोष्टीतली बिलं याच वाटेनं झाकली गेली होती.

यावर उपाय म्हणजे एफएसटॅबमध्ये "नोफेल" ठेवायचं आणि ज्या सर्व्हिसला ती डिस्क हवी आहे तिच्या फाईलीत ही ओळ लिहायची:

रिक्वायर्समाउंट्सफॉर=/डेटा

या एका ओळीत गरज आणि क्रम दोन्ही येतात. /डेटा वापरता यावं म्हणून जे जे जोडावं लागतं, ते सगळं जोडून झाल्यावरच बिलिंग सुरू होतं. डिस्क आली नाही तर बिलिंग सुरू होत नाही, पण सर्व्हर चालू राहतो आणि तुम्ही घरी बसून त्यात शिरू शकता. वीज अचानक गेल्यावर डिस्कची तपासणी होते, तिला जुन्या डिस्कवर वेळ लागू शकतो. तोही वेळ यात धरला जातो, तुम्हाला सेकंद मोजावे लागत नाहीत.

यासोबत मी आणखी एक कुलूप घालतो. डिस्क जोडलेली नसताना रिकाम्या /डेटा फोल्डरवर एकदाच ही आज्ञा चालवायची:

सीएचअ‍ॅटर +आय /डेटा

("सी, एच" ही अक्षरं, पुढं ए, डबल टी, आर.) आता त्या रिकाम्या फोल्डरमध्ये कोणालाच काही लिहिता येत नाही. डिस्क जोडली की तिच्यावर नेहमीप्रमाणं लिहिता येतं, कारण कुलूप खालच्या फोल्डरला आहे. कोणी नंतर युनिट फाईल बदलली तरी हे कुलूप राहतं.

आणि झाकली गेलेली बिलं? मूळ डिस्क दुसऱ्या जागी उघडून बघितली की ती दिसतात:

माउंट --बाइंड / /एमएनटी

यानंतर /एमएनटी/डेटा मध्ये गेलात की वर बसलेल्या डिस्कखालचं जुनं फोल्डर समोर येतं. तिथून प्रती उचलल्या, खऱ्या डिस्कवर ठेवल्या, मग "यूमाउंट /एमएनटी" करून ते बंद केलं. त्या दिवशी त्या प्रती दिसल्या तेव्हा दिवाणजींनी देव्हाऱ्यातल्या सिद्धेश्वराच्या तसबिरीला हात जोडले होते.

पायरी ५: युनिट फाईल लिहा

प्रोग्राम तुमचा स्वतःचा असेल तर त्याची फाईल /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम/ या फोल्डरमध्ये तयार करायची. आमच्या बिलिंगची साधारण अशी आहे:

[युनिट]
डिस्क्रिप्शन=चादर बिलिंग
वॉन्ट्स=मारियाडीबी.सर्व्हिस
आफ्टर=मारियाडीबी.सर्व्हिस
रिक्वायर्समाउंट्सफॉर=/डेटा

[सर्व्हिस]
टाइप=सिंपल
युझर=बिलिंग
एक्झेकस्टार्ट=/ऑप्ट/बिलिंग/सर्व्हर
रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर
रीस्टार्टसेक=५

[इन्स्टॉल]
वॉन्टेडबाय=मल्टी-युझर.टार्गेट

"रीस्टार्टसेक" विसरू नका. ते लिहिलं नाही तर प्रोग्राम पडल्यावर एक दशांश सेकंदात पुन्हा सुरू केला जातो. १० सेकंदांत ५ प्रयत्न झाले की सिस्टमडी नाद सोडतो आणि सर्व्हिस पडलेलीच राहते. डेटाबेस अजून उठतोय, तेवढ्यात बिलिंगचे पाचही प्रयत्न सेकंदाभरात संपतात. मध्ये ५ सेकंद ठेवले की ही मर्यादा कधी गाठलीच जात नाही, आणि डेटाबेस आला की पुढच्या प्रयत्नाला बिलिंग उभं राहतं.

डेटाबेसचं नाव तुमच्या सर्व्हरवर वेगळं असू शकतं. "सिस्टमसीटीएल लिस्ट-युनिट्स --टाइप=सर्व्हिस" चालवून आधी खात्री करा. चुकीचं नाव लिहिलं तर "वॉन्ट्स" आणि "आफ्टर" बूटच्या वेळी तक्रार करत नाहीत, ती ओळ नसल्यासारखीच होते.

पॅकेजबरोबर आलेल्या सर्व्हिसच्या मूळ फाईलीला मात्र हात लावू नका. ती /युएसआर/लिब/सिस्टमडी/सिस्टम/ मध्ये असते आणि पुढच्या अपडेटला तुमचा बदल पुसला जातो. त्याऐवजी:

सिस्टमसीटीएल एडिट मारियाडीबी.सर्व्हिस

एक एडिटर उघडतो. नव्या आवृत्त्यांत त्यात मूळ फाईल टिप्पणी म्हणून दिसते, तेव्हा आपल्या ओळी वरच्या दोन खुणांमधल्या मोकळ्या जागेतच लिहायच्या. त्यात फक्त भर घालायच्या ओळी, त्यांच्या वरच्या चौकटी कंसातल्या नावासकट लिहायच्या. त्या वेगळ्या फाईलीत साठवल्या जातात आणि मूळ फाईलीला जोडून वाचल्या जातात. दोन्ही मिळून काय झालं ते "सिस्टमसीटीएल कॅट" दाखवतं. नको वाटलं तर "सिस्टमसीटीएल रिव्हर्ट".

यात एक अडचण आहे, तिच्यावर माझी एक अख्खी दुपार गेली. भर घालून "आफ्टर" वाढवता येतं, कमी करता येत नाही. बाकीच्या बऱ्याच ओळी रिकाम्या लिहून पुसता येतात, पण "आफ्टर=" असं रिकामं लिहिलं तरी मूळ फाईलीतला क्रम तसाच राहतो. तो काढायचाच असेल तर "एडिट --फुल" वापरून अख्खी फाईल आपल्या ताब्यात घ्यावी लागते, आणि मग अपडेटमधून येणारे बदल त्या फाईलीला मिळत नाहीत. त्यामुळं हे अगदी नाइलाज झाल्यावरच करा.

पायरी ६: "सुरू झालं" आणि "तयार झालं" यातला फरक

बीम मागावर चढलं म्हणजे माग चालवता येतो असं नाही. ताण्याचे धागे फणीतून ओढून व्हावे लागतात. बाहेरून बघणाऱ्याला बीम दिसतं आणि तो म्हणतो, झालं की. "आफ्टर" नेमका कोणत्या क्षणापर्यंत थांबतो, हे समोरच्या सर्व्हिसच्या "टाइप"वर ठरतं.

"सिंपल" असेल तर प्रोग्राम सोडला की लगेच तो सुरू झाला असं धरलं जातं, मग तो आत काहीही करत असो. "वनशॉट" असेल तर काम करून संपेपर्यंत थांबलं जातं. "नोटिफाय" असेल तर प्रोग्राम स्वतः "मी तयार आहे" असं कळवतो, तोपर्यंत पुढचे थांबतात. मारियाडीबी या तिसऱ्या प्रकारात येतो, म्हणून "आफ्टर=मारियाडीबी.सर्व्हिस" खरोखर भरवशाचं आहे.

आमचं बिलिंग "सिंपल" आहे, आणि त्याच्या मागे लेबल छापणारी सर्व्हिस आहे. ती बिलिंगकडून मालाची यादी घेते आणि बारकोडच्या प्रिंटरला पाठवते. "आफ्टर=बिलिंग.सर्व्हिस" लिहूनही ती पडायची, कारण बिलिंग सुटलेलं असायचं पण उत्तर देत नसायचं.

इथं बहुतेक जण "स्लीप ३०" लिहितात. मीही लिहिलं होतं. महिनाभर सगळं सुरळीत चाललं, आणि वीज गेलेल्या दिवशी पुन्हा तोच फोन आला. कारण नंतर लक्षात आलं. सर्व्हर नीट बंद झालेला असेल तर डेटाबेस लगेच उठतो, तिथं तीस सेकंद फुकट जातात. पण वीज अचानक गेली असेल तर उठताना डेटाबेस अर्धवट राहिलेले व्यवहार तपासून निस्तरतो आणि त्याला जास्त वेळ लागतो. म्हणजे ठरीव सेकंद रोज पुरतात आणि ज्या दिवसासाठी ठेवले त्याच दिवशी अपुरे पडतात. क्रम लावताना घड्याळावर विसंबू नका, खुणेवर थांबा.

खूण अशी ठेवता येते. बिलिंगच्या फाईलीत "एक्झेकस्टार्टपोस्ट" म्हणून एक छोटी शेल स्क्रिप्ट लावायची. ती बिलिंगच्या पोर्टवर "कर्ल"नं (विनंती पाठवून उत्तर बघणारी आज्ञा) विचारते, उत्तर आलं नाही तर एक सेकंद थांबून परत विचारते, आलं की संपते. ही स्क्रिप्ट संपेपर्यंत सिस्टमडी बिलिंगला सुरू झालेलं मानत नाही, त्यामुळं लेबलवाली सर्व्हिस आपोआप थांबते. उत्तर कधीच आलं नाही तर ९० सेकंदांच्या मूळ मर्यादेनंतर ती सर्व्हिस अपयशी धरली जाते आणि "रीस्टार्ट"च्या ओळीमुळं पुन्हा प्रयत्न होतो. प्रोग्राम लिहिणारा तुमच्या ओळखीचा असेल तर त्याला "नोटिफाय"ची सोय करायला सांगा, ते याहून चांगलं.

नेटवर्कचं थोडक्यात. "आफ्टर=नेटवर्क.टार्गेट" (टार्गेट म्हणजे बूटमधला एक टप्पा) लिहिलं की इंटरनेट आलेलं असेल असं अनेकांना वाटतं. तसं नाही. त्यातून बंद होतानाचा क्रम नीट राहतो, पत्ता मिळालाय याची हमी नाही. ती हमी "नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट" देतं, त्यासाठी "वॉन्ट्स" आणि "आफ्टर" दोन्ही लिहावं लागतं. पण तुमचा प्रोग्राम मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर ऐकत बसणारा असेल तर त्याला नेटवर्कची वाट बघायची गरजच नसते. सर्व्हर आणि राउटर एकाच वेळी वीज आल्यावर उठतात, आणि राउटर उठायला वेळ घेतो. विनाकारण त्याची वाट बघत बिल अडवून ठेवू नका.

तारखेचं तेच. मदरबोर्डवरचा सेल संपला असेल तर वीज गेल्यावर सर्व्हरचं घड्याळ मागं पडतं आणि बिलावर चुकीची तारीख येते. "टाइम-सिंक.टार्गेट"च्या नंतर बिलिंग लावता येतं, त्यासाठी "सिस्टमडी-टाइम-वेट-सिंक.सर्व्हिस" चालू करावी लागते. पण ती सर्व्हिस वेळ जुळेपर्यंत कितीही काळ थांबते. इंटरनेट दिवसभर आलं नाही तर बिलिंगही दिवसभर येणार नाही. मी हा मार्ग घेत नाही. सीआर२०३२ चा सेल कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो, तो बदलतो.

पायरी ७: लागू करा आणि खरोखर करून बघा

सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ व्हेरिफाय /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम/बिलिंग.सर्व्हिस
सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड
सिस्टमसीटीएल एनेबल --नाऊ बिलिंग.सर्व्हिस

पहिली आज्ञा स्पेलिंगच्या चुका दाखवते. दुसरी केली नाही तर सिस्टमडी जुनीच फाईल वापरत राहतो. हाताने फाईल बदलली की दरवेळी ती लागते.

मग सर्व्हर रीस्टार्ट करा आणि पायरी २ मधल्या आज्ञा पुन्हा चालवा. "लिस्ट-डिपेंडन्सीज --आफ्टर"च्या यादीत आता मारियाडीबी आणि /डेटाचं माउंट दोन्ही दिसायला हवेत. बंद होताना हाच क्रम उलटा लागतो, आधी बिलिंग थांबतं आणि मग डेटाबेस, त्यासाठी वेगळं काही लिहावं लागत नाही. यूपीएसची केबल सर्व्हरला जोडून बॅटरी संपायच्या आत तो नीट बंद होईल अशी सोय केली असेल, तर त्याही वेळी हा क्रम पाळला जातो.

सर्व्हिसेसची संख्या वाढली की एक नवा दोष येऊ शकतो. लेबल बिलिंगच्या नंतर, आणि कोणीतरी बिलिंगच्या फाईलीत "लेबलच्या नंतर" असंही लिहून ठेवलं, की फेरा तयार होतो. सिस्टमडी अडून बसत नाही. तो फेरा तोडण्यासाठी एखादं काम यादीतून काढून टाकतो, म्हणजे एक सर्व्हिस सुरूच होत नाही, आणि ती पडलेल्यांच्या यादीतही दिसेलच असं नाही. नोंदीत "ऑर्डरिंग सायकल" हे शब्द शोधा, फेऱ्यातली नावं तिथंच लिहिलेली असतात. पायरी ३ मध्ये कागदावर लिहिलेली उत्तरं तेव्हा कामाला येतात.

काही ऑफिसांत सर्व्हर विंडोजचा असतो. तिथं सर्व्हिसेसच्या खिडकीत "ऑटोमॅटिक (डिलेड स्टार्ट)" निवडून काम भागवलेलं दिसतं, पण तो "स्लीप ३०"चाच भाऊ आहे. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि लिहा:

एससी कॉन्फिग बिलिंग डिपेंड= मारियाडीबी

बरोबरच्या चिन्हानंतर एक मोकळी जागा ठेवायला विसरू नका, ती आज्ञेचाच भाग आहे.

शेवटची चाचणी आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी, माग बंद असताना घ्या. सर्व्हर बंद करा, दुसऱ्या डिस्कची केबल काढा, सर्व्हर चालू करा. सिस्टम उभी राहिली पाहिजे, डेटाबेस चालू असला पाहिजे, बिलिंग बंद असलं पाहिजे आणि /डेटा रिकामं असलं पाहिजे. या चारही गोष्टी डोळ्यांनी बघा. मग केबल लावा, परत चालू करा, एक बिल काढा, त्याची प्रत खऱ्या डिस्कवर गेली का ते तपासा.

जाताना एक कागद सर्व्हरच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवून जा. त्यावर "सिस्टमसीटीएल स्टेटस डेटा.माउंट मारियाडीबी.सर्व्हिस बिलिंग.सर्व्हिस" ही आज्ञा ठळक इंग्रजी अक्षरांत लिहा आणि खाली मराठीत लिहा: वीज आल्यावर बिल निघालं नाही तर मशीन बंद करू नका, आधी हे टाइप करा आणि पडद्यावर जे येईल ते फोनवर वाचून दाखवा. आमचे दिवाणजी आता तेच करतात. फोन उचलला की ते आधी नाव सांगतात, "सर, डेटा माउंट इनॅक्टिव्ह दिसतंय बघा," आणि मला कळतं की डिस्कची केबल बघायला सांगायची आहे.